दैवाला बोल न लावणारी राजमाता : पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर

देऊळ काही एका दिवसात पडत नाही. शिखराच्या सांध्यात एखादे पाखरू पिंपळाचे बी टाकून जाते. पहिल्या पावसात त्याला दोन पाने फुटतात. येणारा-जाणारा प्रत्येक जण ते रोप पाहतो, देवाला हात जोडतो आणि आपल्या वाटेने जातो. रोप वाढते, मुळी दगडात शिरते, दगड सरकतो, फटीतून पाणी मुरते आणि एके दिवशी गाभाऱ्यात गळू लागते. मग पावसाला बोल लावला जातो, काळाला लावला जातो, कलियुगाला लावला जातो. रोप दोन पानांचे होते तेव्हा ते उपटायला कोणाचा हात पोचत होता, एवढा एकच प्रश्न विचारायचा राहून जातो.

तेरणाकाठच्या या मुलखाने खरे संकटही पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे धरणी हादरली आणि लोहारा, उमरगा, औसा या भागांतील गावेच्या गावे मातीला मिळाली. तो भूकंप कोणाच्या चुकीने आला नव्हता. पण उजाडल्यावर ढिगाऱ्यावरचा पहिला दगड ज्यांनी उचलला, त्यांनी चूक कोणाची हे ठरण्याची वाट पाहिली नाही. संकट कोणी आणले हा एक प्रश्न, आणि आता आपल्या वाट्याला काय काम आले हा दुसरा प्रश्न. पहिल्या प्रश्नात अडकलेले मन दुसऱ्यापर्यंत पोचतच नाही.

हे ज्यांनी आयुष्यभर ओळखले, त्या म्हणजे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर. देवळाच्या जीर्णोद्धाराचा विषय निघाला की महाराष्ट्रात त्यांचे नाव प्रथम ओठांवर येते, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या हातांनी एवढी देवळे उभी केली, त्या हातांवर घाव किती पडले होते, आणि एकाही घावाचे निमित्त करून ते हात कसे थांबले नाहीत, हे समजल्यावाचून त्या देवळांचा अर्थ पुरता कळत नाही.

चौंडीची लेक

अहिल्यादेवींचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या गावी झाला. चौंडी हे जामखेड तालुक्यातील लहानसे खेडे. हा तालुका आपल्या भूम-परांड्याच्या शेजारचा, आणि आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. पूर्वी अहमदनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याला २०२४ साली देवींचेच नाव देण्यात आले. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. घर खाऊनपिऊन सुखी असले तरी ते खेड्यातलेच, धनगर समाजातले. त्या काळी मुलींना लिहावाचायला शिकविण्याची रीत नव्हती. माणकोजींनी मात्र लेकीला अक्षरओळख करून दिली. पुढे ज्या हातांनी राज्याचे कागद तपासले, त्या हातांत पहिली लेखणी एका खेड्यातल्या पाटलाने दिली, हे विसरता येणार नाही.

सुभेदार मल्हारराव होळकर यांनी या मुलीला चौंडीच्या देवळात पाहिले आणि आपली सून करून घेतले, असे परंपरा सांगते. मल्हाररावही मोठ्या घराण्यात जन्मलेले नव्हते. नीरेकाठच्या होळ गावचा हा धनगराचा पोर मामाच्या आश्रयाने खानदेशात तळोद्यास वाढला आणि तलवारीच्या बळावर पेशवाईचा आधारस्तंभ झाला. माणूस पारखण्याची नजर त्यांना होती. १७३३ च्या सुमारास खंडेरावांशी अहिल्यादेवींचे लग्न झाले, तेव्हा त्या अवघ्या आठ वर्षांच्या होत्या. १७४५ साली मालेराव हा पुत्र झाला, आणि १७४८ साली मुक्ताबाई ही कन्या.

कुंभेरीचा घाव

१७५४ च्या मार्च महिन्यात मराठ्यांच्या फौजांचा भरतपूरच्या जाटांच्या कुंभेरी किल्ल्यास वेढा पडलेला होता. त्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. अहिल्यादेवी तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. खंडेरावांच्या इतर स्त्रिया सती गेल्या. अहिल्यादेवींनीही तीच तयारी केली. त्या वेळी एकुलता एक मुलगा गमावलेला म्हातारा सासरा सुनेपुढे पदर पसरून उभा राहिला. मुलगा तर गेलाच, आता सूनच आपला मुलगा आहे, ती गेली तर दौलतीला आणि या म्हाताऱ्याला कोण, अशी त्यांची विनवणी होती.

त्या काळचा लोकाचार पाहता चितेवर चढणे हा धर्म समजला जाई, आणि मागे राहणे हे बोलाला कारण होई. सती गेल्या असत्या तर लोकांनी त्यांचे देऊळ बांधले असते आणि कोणी काही विचारले नसते. मागे राहिल्यावर मात्र रोजचा दिवस सोसायचा होता, दोन मुले वाढवायची होती, आणि सासऱ्याच्या घराचा भार घ्यायचा होता. अहिल्यादेवींनी अवघड ते पत्करले. त्यांच्या पुढील सर्व कर्तृत्वाचे मूळ या एका निर्णयात आहे.

मल्हाररावांनी सुनेला देवघरात बसवून ठेवले नाही. स्वतः मोहिमेवर असताना घरची व्यवस्था, वसुली, फौजेची रसद यांची कामे ते त्यांच्यावर सोपवीत. १७६५ सालचे त्यांचे एक पत्र प्रसिद्ध आहे. चंबळ ओलांडून ग्वाल्हेरकडे जावे, मोठ्या तोफखान्याची आणि दारूगोळ्याची तजवीज करावी, वाटेच्या रक्षणासाठी चौक्या बसवाव्यात, अशा आज्ञा त्यात सुनेला दिलेल्या आहेत. ज्या काळी स्त्रीने माजघराचा उंबरा ओलांडणेही कठीण, त्या काळी हा सासरा सुनेला तोफखाना घेऊन मुक्काम करायला सांगत होता. शिकविणाऱ्याचे मन जेवढे मोठे, तेवढीच शिकणाऱ्याची तयारीही असावी लागते.

पुत्राचे पाप, मातेचा भार

२० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हारराव निवर्तले. सुभेदारीची वस्त्रे नातू मालेरावास मिळाली. मालेराव चंचल आणि तापट स्वभावाचे. सत्ता हाती येऊन जेमतेम काही महिने होतात तोच त्यांची बुद्धी भ्रमिष्ट झाली आणि १७६७ च्या वसंतात, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला.

मालेरावांविषयी एक कथा घरोघर सांगतात. त्यांच्या रथाखाली गाईचे वासरू चिरडले, गाय न्याय मागण्यास उभी राहिली, आणि अहिल्यादेवींनी पोटच्या पुत्राला तीच शिक्षा फर्माविली, अशी ती कथा. तिला इतिहासाचा आधार नाही. हीच कथा तमिळ देशात मनुनीती चोळ राजाविषयी फार पूर्वीपासून सांगितली जाते. लोकांनी ती अहिल्यादेवींना जोडली, यातून लोकांच्या मनातील त्यांची प्रतिमा तेवढी कळते.

इतिहासात जे नोंदले गेले, ते या कथेहून अधिक हृदयाला भिडणारे आहे. अहिल्यादेवींच्या पश्चात तेवीस वर्षांनी, १८१८ साली, सर जॉन माल्कम हा इंग्रज अधिकारी माळव्यात आला. त्याने जुन्या माणसांना विचारून जी हकीकत लिहून ठेवली, तीत असे आहे, की मालेरावांनी वाड्यातील एका सेविकेच्या संशयावरून एका कशिदाकाम करणाऱ्या कारागिराचा जीव घेतला. पुढे तो निर्दोष असल्याचे कळले. त्या पश्चात्तापाने मालेरावांचे डोके फिरले, आणि मेलेल्या कारागिराने आपल्याला धरले आहे असा भास त्यांना होऊ लागला. आई रात्रंदिवस उशाशी बसून राहिली. मुलाच्या तोंडून बोलणाऱ्या त्या मृतात्म्याशीच ती बोले, त्याची मनधरणी करी, त्याचे देऊळ बांधण्याचे आणि त्याच्या कुटुंबास उत्पन्न लावून देण्याचे वचन देई. मुलगा वाचला नाही.

यातील पिशाचाचा भाग बाजूला ठेवला तरी आईचे वागणे उरतेच. कारागीर गरीब होता आणि मारणारा राजा होता. मुलगा वेडा झाला होता, असे सांगून मोकळे होणे सोपे होते. कारागिराचेच काही चुकले असेल, अशी कुजबुज उठविणे तर त्याहून सोपे. अहिल्यादेवींनी यांतले काहीही केले नाही. आपल्या घरातून अन्याय घडला आहे, त्याची भरपाई आपल्या घरातूनच झाली पाहिजे, एवढेच त्यांनी धरून ठेवले.

क्षिप्रेकाठचा पेच

बेचाळिसाव्या वर्षी अहिल्यादेवींच्या माथ्यावर पती, सासरा, पुत्र यांपैकी कोणीच राहिले नाही. होळकरांचे जुने कारभारी गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी सुचविले, की देवींनी एखादे लहान मूल दत्तक घ्यावे, स्वतः देवधर्म करीत राहावे, आणि कारभार आपल्याकडे सोपवावा. वरवर पाहता सल्ला सोयीचा होता. दुःखाने पिचलेल्या विधवेला विसाव्याची वाट दाखविली जात होती. अहिल्यादेवींनी ओळखले, की यात विसावा मिळेल पण प्रजेचा वाली जाईल. आपण एका वारसाची पत्नी आणि दुसऱ्याची माता आहोत, तेव्हा पुढे कोणी काय करावे हे ठरविण्याचा अधिकार आपला आहे, असे त्यांनी स्पष्ट कळविले.

चंद्रचूडांनी राघोबादादांना आपल्या बाजूस वळविले आणि दादा फौज घेऊन उज्जैनीजवळ क्षिप्रेच्या काठी येऊन ठेपले. अहिल्यादेवींनी रडगाणे गायिले नाही. त्यांनी फौज सज्ज केली, तुकोजी होळकरांना पुढे पाठविले, आणि इतर मराठा सरदारांना पत्रे धाडली. महादजी शिंदे, नागपूरकर भोसले यांच्यासारख्यांनी या अन्यायाच्या कामात दादांना साथ देण्याचे नाकारले. स्त्रीशी लढून जिंकले तर कीर्ती नाही आणि हरले तर तोंड दाखवायला जागा नाही, अशा अर्थाचा निरोप देवींनी दादांना पाठविल्याचे सांगतात. अखेर आपण तर मालेरावांच्या दुखवट्यासाठी आलो आहोत, अशी सारवासारव दादांना करावी लागली. थोरले माधवराव पेशवे यांनीही देवींच्याच बाजूने कौल दिला.

यानंतरची व्यवस्था त्यांच्या सूज्ञपणाची साक्ष देते. फौजेचे काम त्यांनी तुकोजी होळकरांकडे दिले आणि मुलखाचा कारभार स्वतःकडे ठेवला. तुकोजी त्यांच्याहून वयाने लहान नव्हते, तरी ते त्यांना मातोश्री म्हणत. पुढे पैशांच्या हिशेबावरून दोघांत कुरबुरी झाल्या. तरीही हा दुहेरी कारभार जवळजवळ अठ्ठावीस वर्षे टिकला.

महेश्वरचा दरबार

राजधानी त्यांनी नर्मदेच्या काठी महेश्वर येथे नेली. तेथे घाट बांधले, देवळे बांधली, विणकर आणून वसविले. आजही महेश्वरी साडी हे नाव मराठी घराघरांत परिचित आहे, त्याचे श्रेय त्या वसाहतीला आहे. स्वतः देवी मात्र पांढऱ्या वस्त्राखेरीज काही नेसत नसत.

पहाटेपूर्वी उठावे, पूजाअर्चा आणि पुराणश्रवण करावे, स्वतःच्या हाताने दानधर्म करावा, मग साधे जेवण आणि थोडी विश्रांती. दुपारी दोनच्या सुमारास त्या दरबारात बसत आणि तिन्हीसांजेपर्यंत उठत नसत. संध्याकाळची उपासना व फराळ झाल्यावर रात्री पुन्हा नऊपासून अकरापर्यंत काम चाले. त्या पडद्याआड बसत नसत. कोणीही रयत समोर येऊन आपले गाऱ्हाणे सांगू शके. कितीही क्षुल्लक फिर्याद असली तरी त्या ऐकून घेत. आपल्या हाती असलेल्या सत्तेचा जो जो वापर आपण करू, त्याचा जाब आपल्याला परमेश्वरापुढे द्यायचा आहे, ही त्यांची दृढ समजूत होती. कारभाऱ्यांनी कठोर उपायाचा आग्रह धरला तर ईश्वराने निर्माण केलेले जीव मोडताना माणसाने फार विचार करावा, असे त्या त्यांना बजावीत. हुकूम कारभाऱ्याने लिहिला, तो खालच्या माणसाने बजावला, तरी पाप-पुण्य ज्याच्या नावाने हुकूम निघाला त्याचे, असा त्यांचा हिशेब होता.

त्या काळी निपुत्रिक सावकार वारला की त्याची मालमत्ता सरकारजमा करण्याचा प्रघात अनेक ठिकाणी होता. खजिना भरण्याचा हा सोपा मार्ग, आणि तो चालत आलेला असल्याने कोणी दोषही दिला नसता. अहिल्यादेवींनी तो बंद केला. विधवेने ते धन स्वतः सांभाळावे किंवा दत्तक घ्यावा, असा न्याय त्यांनी दिला. एकदा इंदुरास एक धनाढ्य सावकार निपुत्रिक वारला. तुकोजींची फौज जवळच होती, आणि त्यांनी त्या धनात हिस्सा मागितला. सावकाराची विधवा महेश्वरास धावली. देवींनी तिला वस्त्रे देऊन तिचा हक्क मान्य केला, आणि तुकोजींना इंदुरावरून आपली फौज हलविण्याचा हुकूम पाठविला. तुकोजींनी तो निमूटपणे मानला.

भिल्लांचा प्रश्न त्यांनी सोडविला ती रीतही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. विंध्य-सातपुड्याच्या डोंगरवाटांवर वाटसरू लुटले जात. आधी समजुतीने, मग बळाने, असे दोन्ही उपाय त्यांनी करून पाहिले. पण डोंगरातल्या माणसाला पोट आहे आणि वाटेवर त्याचा पिढीजात हक्क आहे, हे त्यांनी जाणले. म्हणून त्यांच्या हद्दीतून जाणाऱ्या मालावर थोडीशी पट्टी घेण्याचा त्यांचा जुना हक्क त्यांनी मान्य केला. हिलाच भिलकवडी म्हणत. त्याच्या बदल्यात आपल्या हद्दीतील वाट सुरक्षित ठेवणे आणि चोरी झाल्यास माल शोधून देणे ही जोखीम त्या त्या टोळीवर घातली. पडीक जमिनी कसायला लावल्या. कालपर्यंत ज्याच्या भीतीने वाट सोडावी लागे, तोच वाटेचा राखणदार झाला. माणसाला नुसता दोष दिल्याने तो सुधारत नाही. त्याच्या हक्काचे त्याला देऊन त्याच्यावर विश्वासाने काम टाकले म्हणजे तो उभा राहतो, हे त्यांनी करून दाखविले.

स्तुतीची त्यांना भूक नव्हती. एका विद्वानाने त्यांच्या गौरवाचा ग्रंथ रचून आणला. देवींनी तो ऐकून घेतला, आपण एवढ्या स्तुतीला पात्र नाही असे सांगितले, आणि तो ग्रंथ नर्मदेत सोडून देवविला. अपयशाचा बोल दुसऱ्यावर न टाकणारा माणूस यशाचा डंकाही फार वाजवीत नाही.

खासगीचा पैसा आणि देवाचे काम

आता जीर्णोद्धाराचा विषय. काशीचे विश्वेश्वराचे देऊळ औरंगजेबाच्या कारकिर्दीत, १६६९ साली, पाडले गेले होते. शंभर वर्षांहून अधिक काळ हिंदुस्थानातील थोर थोर राजे-सरदार त्याबद्दल हळहळले. मल्हाररावांच्याही मनात ते पुन्हा उभारण्याचे होते, पण ते घडले नाही. पाडणाऱ्याला दोष देणारे पुष्कळ होते. १७८० साली तेथे देऊळ उभे राहिले ते अहिल्यादेवींच्या हातून. सोमनाथला त्यांनी १७८३ मध्ये जुन्या भग्नावशेषांजवळ नवे देऊळ बांधून पूजा सुरू केली. गयेचे विष्णुपद मंदिर १७८७ मध्ये त्यांनीच बांधविले. आपल्या मराठवाड्यात वेरूळचे घृष्णेश्वर हे त्यांच्या जीर्णोद्धाराचे ठळक उदाहरण आहे, आणि परळीच्या वैजनाथाच्या देवळाचे कामही त्यांच्याच काळचे मानले जाते. देवळांबरोबर घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रे झाली. उन्हाळ्यात वाटसरूंना पाणपोया, थंडीत गरिबांना वस्त्रे, औताच्या बैलांना पाणी, पाखरांसाठी राखलेली शेते, इथपर्यंत त्यांची दृष्टी पोचली होती.

यातील बहुतेक स्थळे त्यांच्या राज्यात नव्हती. काशी, गया, सोमनाथ या ठिकाणी दुसऱ्यांची सत्ता होती. आपला मुलूख नाही, आपला अधिकार नाही, ही सबब त्यांच्याजवळ अगदी खरी अशी होती. ती त्यांनी वापरली नाही.

पैसा कोणाचा, हा प्रश्न याहून महत्त्वाचा. होळकरांच्या दौलतीत दोन कोठारे वेगळी असत. एक सरकारी, रयतेच्या वसुलीचे, ज्यातून फौज आणि मुलकी खर्च चाले. दुसरे खासगीचे, म्हणजे घराण्यातील स्त्रीच्या स्वतःच्या उत्पन्नाचे. ही खासगीची जहागीर १७३४ साली मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना मिळाली होती, आणि त्यांच्या पश्चात ती अहिल्यादेवींकडे आली. देवधर्माचा खर्च त्यांनी या खासगीतून केला. राज्याच्या तिजोरीला हात लावून पुण्य आपल्या नावावर जमा करणे त्यांच्या मनाला पटत नव्हते. दादांनी पैसा मागितला तेव्हा आपण या धनावर तुळशीपत्र ठेवले आहे, ब्राह्मण म्हणून दान घ्यायचे असेल तर देते, असे उत्तर त्यांनी दिल्याची आख्यायिका आहे. दादांना ते दान घेववले नाही.

आणखी एक गोष्ट. देऊळ बांधून त्या थांबल्या नाहीत. पूजा, नैवेद्य, दिवाबत्ती, दुरुस्ती यांसाठी वर्षासने लावून दिली. दूरदूरच्या देवस्थानांना दरसाल खर्चाची रक्कम पोचत असे, दक्षिणेतील देवांना अभिषेकासाठी गंगेचे पाणी पाठविले जाई. कळस चढविला म्हणजे काम संपले, असे त्यांनी कधी मानले नाही.

शेवटचे घाव

शेवटची वर्षे दुःखाची गेली. मुक्ताबाईचा मुलगा नाथोबा, देवींचा एकुलता नातू, १७९० साली वारला. वर्षभरातच, १७९१ मध्ये, जावई यशवंतराव फणसे गेले. मुक्ताबाईंनी सती जाण्याचे ठरविले. साऱ्या माळव्यावर जिचा हुकूम चाले, त्या आईने लेकीपुढे जमिनीवर डोके ठेवून विनवणी केली. तुझे वय झाले, थोड्या वर्षांनी तू जाशील, मग माझे कोण, असे लेकीचे उत्तर होते. आई चितेपर्यंत चालत गेली. दोघा ब्राह्मणांनी तिचे हात धरले होते. ज्वाला चढल्या तेव्हा तिचा धीर सुटला, हात सोडवता येईनात म्हणून तिने ते चावून घेतले. तीन दिवस त्यांनी अन्नाला स्पर्श केला नाही की तोंडातून शब्द काढला नाही.

सती जाण्यापासून स्वतः परत फिरलेल्या या राणीने आपल्या राज्यात सतीची चाल बंद केली नाही. इंग्रजी मुलखात ती कायद्याने १८२९ साली बंद झाली. तो काळच तसा होता, असे म्हणून ही गोष्ट झाकून टाकता येईल. पण ज्यांनी स्वतः कधी काळाचा आडोसा घेतला नाही, त्यांच्यासाठी तो आडोसा धरणे त्यांना शोभणारे नाही. हे एक काम त्यांच्या हातून राहिले, आणि त्याची सर्वांत मोठी किंमत त्यांनाच मोजावी लागली, असेच म्हणावे लागते.

चौथ्या दिवशी अहिल्यादेवी पुन्हा कामाकडे वळल्या. लेक-जावयाचे स्मारक त्यांनी बांधविले, आणि दरबार पूर्ववत चालू केला. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. तोपर्यंत पती, सासू-सासरे, पुत्र, नातू, जावई, लेक, सारी पुढे गेलेली होती. एवढ्या मृत्यूंना सामोऱ्या गेलेल्या स्त्रीच्या राज्यात शेतकरी सुखाने नांगर धरीत होता, व्यापारी वाटेने निर्धास्त जात होता.

माल्कमने देवींच्या कीर्तीत अतिशयोक्ती असेल अशा शंकेने चौकशी केली होती. जितके अधिक विचारावे तितका आदर वाढतच गेला, अशी कबुली त्याने दिली आहे. आज इंदूरचे विद्यापीठ त्यांच्या नावाने आहे, आणि आपल्या शेजारच्या सोलापूर विद्यापीठासही २०१९ साली त्यांचे नाव देण्यात आले. २०२५ मध्ये त्यांच्या जन्मास तीनशे वर्षे पूर्ण झाली.

माकणीच्या देवळासाठी

नाव देणे सोपे, नाव राखणे कठीण. जीर्णोद्धाराच्या प्रसंगी अहिल्यादेवींची आठवण काढायची, तर त्यांच्या वागण्यातील तीन गोष्टी गावाने पदरात घ्याव्यात.

पहिली हिशेबाची. देवाच्या नावाने आलेला पैसा कोणाचा आहे आणि तो कशावर खर्ची पडला, हे लहानथोर सर्वांना दिसले पाहिजे. ज्या बाईने दोन रुपये देऊन नारळ फोडला, तिलाही ती वही पाहण्याचा हक्क आहे.

दुसरी पुढच्या दिवसाची. सप्ताह होईल, महाप्रसाद होईल, मांडव उतरेल. त्यानंतर सांजेचा दिवा कोण लावणार, सभामंडप कोण झाडणार, पन्हाळीत अडकलेला पाला मृगापूर्वी कोण काढणार, हे आज ठरले नाही तर पाच-पन्नास वर्षांनी पुन्हा वर्गणीची पावती फाडावी लागेल.

तिसरी मनाची. पाऊस कमी पडेल, भाव पडेल, धरणी पुन्हा कधी हादरेल, हे कोणाच्या हाती नाही. पण शिखराच्या सांध्यातील दोन पानांचे पिंपळाचे रोप ज्याच्या दृष्टीस पडेल, ते त्याचेच काम. त्याने पुजाऱ्याला हाक मारू नये, पंचांची वाट पाहू नये. शिडी लावावी आणि ते उपटावे. चौंडीच्या लेकीने आयुष्यभर दुसरे काय केले?